जबाबातला एक शब्द

नवी पेठेत मोर्च्यातून दगड आले तेव्हा शिपाई संघप्रिया साहेबांच्या शेजारीच उभी होती. "साहेब, म्होरं बाया हायत की!" बंदूक धरलेला श्रीशैल ओरडला. साहेबांनी त्याच्या पाठीत काठी हाणली, "फायर!" गोळी पुढच्या बायांतल्या एका फुलवालीचा गळा फोडून गेली. हुकमाशिवाय गोळी झाडली म्हणून श्रीशैलला अटक झाली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी शिपायांसमोर एकसारखे छापील इंग्रजी जबाब टाकले, "सह्या करा." संघप्रियानं वाचलं. "सर, इथं 'कॉन्स्टेबल अंडर हिज कमांड फायर्ड' लिहिलंय, म्हणजे तुमच्या हाताखालच्यानं झाडली. तुमच्या हुकमानं झाडली, तर 'ऑन' पाहिजे." साहेबांनी तिचं तोंड टेबलावर आपटलं. "मला इंग्रजी शिकवतेस?" दात तुटला, कागदावर रक्त सांडलं. तिनं रक्तातच 'अंडर' खोडून 'ऑन' लिहिलं आणि सही केली. साहेबांनी पुन्हा हात उगारला. तेवढ्यात मागचा म्हातारा हवालदार पुढं आला. "पोरी, माझ्याबी कागदावर 'ऑन' लिव की."