उरलेल्या गोळ्या

बाबांच्या तेराव्यानंतर त्यांच्या उरलेल्या अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या आईने काकांना दिल्या. “हृदयाला चांगल्या, टाकायच्या कशाला?” महिन्याने रुचिता काकांकडे भाईंदरला गेली, तेव्हा काका भिंत धरून चालत होते. “शी डांबरासारखी काळी होतेय. बीट खाल्लं ना!” बाबाही फोनवर हेच म्हणाले होते, ती हसली होती, चौथ्या दिवशी रक्ताच्या उलटीने ते गेले. टीव्हीजवळ गोळ्यांचं पाकीट होतं. कडेला बाबांच्या अक्षरात सोम, मंगळ, बुध. “काका, चप्पल घाला.” “अगं, मॅच चाललीय!” “घाला म्हणते ना!” हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी दुर्बिणीतून जठरातली जखम बंद केली. “गोळीनेच रक्तस्राव झाला. वेळेत आणलंत.” पाचव्या दिवशी काका स्वतःच्या पायांनी घरी आले. दारात आई रडत होती. “वहिनी, रडताय काय? दादाची पोरगी जिंकली!” रुचिताने उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या, रिकामं पाकीट पर्समध्ये ठेवलं.