मोईची ओटी

संग्रामपूरकडच्या शिवारात, कडूबाच्या बांधावर मोईचं एकच मादी झाड उरलं होतं. नर झाड पार सातपुड्यात. मधली सगळी शेतं ओलांडून मधमाशी काही येत नव्हती. म्हणून दर फाल्गुनात कडूबा तिकडच्या फुलांची पिवळी भुकटी काडेपेटीतून आणायचा, कोंबडीच्या पिसानं मोहोरावर फिरवायचा आणि त्याची बायको रुख्मिणी वरून मलमलीच्या पिशव्या बांधायची. मग बुंध्याशी तांदळाची ओटी भरून म्हणायची, "बाई, तुही ओटी भरली. आता माही ध्यानात ठेव." चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना मूल झालं नव्हतं.

औंदा कडूबाचे गुडघे धरले आणि डोंगर राहिला. रुख्मिणीनं मात्र सवयीनं नुसत्याच मोहोराला पिशव्या बांधल्या, ओटीही भरली.

पंधराव्या दिवशी, भर दुपारी, एका पिशवीतून गुणगुण ऐकू आली.

"माशी कोंडली असंन," कडूबा म्हणाला. "सोड तिले."

तिनं गाठ सोडली तशी गुणगुण थांबली. आत माशी नव्हती. मलमलीला भोकही नव्हतं. मुगाएवढी हिरवी फळं तेवढी लगडली होती.

"अवो, तुमी डोंगरात गेलते का?"

"मले उठता तरी येते का वं?" तो हसला, आणि एकदम कान देऊन ऐकू लागला. गुणगुण पुन्हा सुरू झाली होती, पण झाडातून नाही.

"रुख्मिणे, हालू नको."

तिनं खाली पाहिलं. कमरेला खोचलेला पदर पोटाशी जड झाला होता आणि आतून गुणगुणत होता.

तिनं दोन्ही हातांनी तो अलगद सावरला.

"घरी चला," ती हळूच म्हणाली. "ऊन लागंन याले."