वेगळा कप

धूळ पुसता पुसता शेवंताने बाईंचा राउटर नेहमीसारखा खिडकीत सरकवला. कुंपणामागच्या पत्र्याच्या घरात रिचार्ज संपलेला मोबाइल धरून तिची लेक नर्सिंगच्या ऑनलाइन मुलाखतीला बसली होती. पासवर्ड शेवंताने कधीच टिपून नेला होता.

हिरवा दिवा लुकलुकला. तिला दिसलं, नेट सावरीच्या कापसासारखं तरंगत कुंपण ओलांडतंय, कुणाची जात न विचारता.

"हा रोज खिडकीत कसा जातो गं?" बाईंनी राउटरकडे हात नेला.

बाईंनी तिच्यासाठी मोरीत वेगळा कप ठेवला होता. बारा वर्षं शेवंता त्याला शिवली नव्हती.

"बाई, आज चहा घेते मी."

बाई हरखून कप विसळायला धावल्या. शेवंता खिडकी अडवून उभी राहिली आणि घोटघोट, सावकाश प्यायली.

पत्र्याच्या दारात येऊन लेकीने दोन्ही हात उंचावले, तेव्हा तिने कप हातातून निसटू दिला.