आईची कढई

"गोळ्या यांना सोसत नाहीत आणि हिमोग्लोबिन सहावर आलंय. आता लोह सलाईनमधूनच देऊ," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"कशाला?" तिचा नवरा हसला. "घरी आईची लोखंडी कढई आहे. रोज पालेभाजी असते. महिनाभर ही तीच खाईल."

तिचं डोकंच सणकलं. सात वर्षं गिळलेलं सगळं ओठांवर आलं. "कोण खाईल? तुम्हा सगळ्यांना वाढून होईपर्यंत भाजी संपते. माझ्या वाट्याला येते ती नुसती कढई, घासायला!"

डॉक्टरबाईंनी संमतीपत्र पुढे केलं. नवऱ्यानं सवयीनं पेन काढलं. तिनं ते त्याच्या हातातून हिसकावलं, स्वतःची सही ठोकली आणि बाही वर सरकवली.

"लावा, मॅडम. आणि तुम्ही," ती नवऱ्याकडे वळली, "घरी निघा. सकाळची कढई मोरीत तशीच पडलीय."