टेस्ट ओके

"म्याडम, बोर्डावर वरती इंग्रजीत कायतरी येतंय, त्याच्याखाली नुसता काळोख हाय," करंजा बंदरातला बोर्ड सांभाळणारा बळीराम फोनवर पनवेलच्या ऑफिसात भावनाला सांगत होता. चूक कोणाची, ते त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिला कळलं होतं.

दिवाळीनंतरची उघडीप बघून दर्यावर गेलेल्या बोटी पहाटेच्या वादळानं पांगल्या होत्या. मिळेल त्या बंदरात त्या शिरत होत्या. कुठली बोट कुठे लागली, ते प्रत्येक बंदरातून ह्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर येई, आणि भावनाचा प्रोग्राम ते करंज्याच्या धक्क्यावरच्या दिव्यांच्या बोर्डावर मराठीत छापी. बोटीचं नाव, बंदर, वेळ. रकाने असे एका रेषेत बसवले होते की ऑफिसचे प्रमुख सुभाष सर, त्यांनी चारचौघांत कौतुक केलं होतं. आज अख्खं करंजा त्या बोर्डाखाली भिजत उभं होतं.

काल संध्याकाळी घरी जायच्या घाईत भावनानं प्रोग्रामच्या तोंडाशीच एक ओळ टाकली होती. बोर्ड जोडलेला आहे ना, तेवढं बघायला. इंग्रजीत, 'टेस्ट ओके'. ती काढायची राहिली. आता सी भाषेचा कारभार असा, की साधी इंग्रजी अक्षरं छापायची आज्ञा वेगळी आणि मराठीसारखी रुंद अक्षरं छापायची वेगळी. बाहेर पडायची वाट मात्र दोघींना एकच. जी आधी बाहेर पडेल तिचीच ती वाट होते, दुसरीला मग मज्जाव. अडवलेली आज्ञा बिचारी आरडाओरडा करत नाही, हळूच 'उणे एक' असं उत्तर देऊन गप्प बसते. ते उत्तर आपण विचारून घ्यायचं असतं. भावनानं ते कधी विचारलं नव्हतं, आणि काल छापायला नावंच नव्हती, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आलेल्या बोटींची नावं तिच्यासमोर पडद्यावर होती. फोनवर वाचून दाखवली असती तर दोन मिनिटांत सगळा धक्का शांत झाला असता. पण मग ती बोर्डावर का नाहीत, हेही सांगावं लागलं असतं. सुभाष सर पाठीशीच उभे होते, आणि अशाच एका चुकीसाठी गेल्या महिन्यात त्यांनी एकाला घरी बसवलं होतं.

"केबल बघा," भावना म्हणाली. "तुमच्याकडेच सैल झाली असणार."

वड्याचं तेल वांग्यावर निघालं. सरांनी तिच्या हातातून फोन ओढून घेतला आणि बळीरामला नाही नाही ते बोलून, फोन परत तिच्याकडे देऊन ते आपल्या खोलीत गेले. तो गरीब माणूस शिडी लावून भर वाऱ्यात खांबावर चढला. फोन त्यानं तसाच टेबलावर ठेवला होता, म्हणून भावनाला इकडे सगळं ऐकू येत होतं. वारा, बायकांचं रडणं, कोणीतरी एकवीरा आईला घातलेली साद. तिनं ती ओळ खोडली, प्रोग्राम पुन्हा तयार केला आणि चालू केला.

तिकडे एकच कल्ला उठला. नावं दिसू लागली होती. कोणी मोठ्यानं वाचत होतं, आणि दर नावासरशी कुठलं तरी घर हसत रडत होतं. भावनाचा जीव भांड्यात पडला. बळीराम धापा टाकत फोनवर आला आणि म्हणाला, केबलला हात लावला न लावला तोच नावं आली, म्हणजे तीच सैल होती. त्याचीच चूक, सरांना सांगा, माफी असावी.

"असू दे," भावना म्हणाली. आपण काय बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं आणि स्वतःची शिसारी आली.

एवढ्यात कोणी बाईनं तिकडे फोन घेतला. आपण रंभा म्हणून सांगितलं. बोर्डावर चंद्रावती लिहिलेली नाही, तेवढी बघायची होती. चंद्रावती ही तिची सासू, कधीच वारलेली. बोटीला तिचं नाव दिलं होतं. बोटीवर रंभाचा नवरा आणि दीर होते, पण नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं, म्हणून ती सासूचीच चौकशी करत होती.

भावनानं पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग एकेका बंदराला दुसऱ्या फोनवरून विचारलं. चंद्रावती कुठेही लागली नव्हती. आलेलं प्रत्येक नाव बोर्डावर होतं. हे ती कसंबसं फोनवर बोलली.

पलीकडे रंभानं फोनभोवती हात धरला. मग आवाज खाली आणून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये असं, म्हणाली, "बाय, मगाशी कोनाचंच नाव नव्हतं, मंग सगल्यांची आली. म्हंजी मशिन चुकतंय. तुजी चूक झाली आसंल तर सांग. मी तुला कायपन बोलनार नाय."

थोड्या वेळापूर्वी हे शब्द कोणी बोललं असतं तर भावनानं त्या माणसाचे पाय धरले असते. तिनं फोन कानाशी तसाच धरून प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. कुठेतरी, कुठल्यातरी ओळीत आपली एखादी चूक राहिली असू दे, म्हणून ती देवाला विनवत होती. शेवटच्या ओळीपर्यंत ती आली, परत वर गेली, परत आली.

प्रोग्राम बिनचूक होता.