एक नंबर कमी

अंगठी काही निघेना.

आधी साबण लावून झाला, मग तेल, मग सराफाने बोटाला दोरा गुंडाळून बघितला. बोट वांग्यासारखं जांभळं झालं, पण अंगठी तसूभर हलली नाही. चाळीस वर्षं ठाण मांडून बसली होती. तिच्यासकट सासूबाईंनी डोंगराएवढं पीठ मळलं होतं, दोन पोरं न्हाऊ घातली होती, नवऱ्याला पोचवलं होतं. आणि या हाताची एकच चापट चार नणंदांना मिळून पुरायची, असं त्या स्वतःच सांगायच्या.

भानगड लावली होती चिरंजीवांनी. आले होते होणाऱ्या बायकोला अंगठी घ्यायला. नव्या पैलूंचा एक हिरा पोरीला आवडलाही होता. तेवढ्यात यांना सुचलं, आईच्या बोटात जुन्या घडणीचा हिरा आहे, तो शेजारी ठेवून बघू. जो उजवा ठरेल तो हिला.

सराफ जुना माणूस. तो म्हणाला, बोटातला हिरा आणि ट्रेमधला हिरा अशी जोडी लावता येत नाही. कातडीचा रंग खड्यात उतरतो, मागे वर्षानुवर्षांचा मळ असतो. दोन्ही एकाच कापडावर, एकाच उजेडात ठेवायचे, नाहीतर मी तोंड उघडणार नाही.

मग उरलं काय? कापणं.

सासूबाईंना आतून गुदगुल्या होत होत्या. त्यांचा हिरा हरणार नव्हता, याची त्यांना बालंबाल खात्री होती. पोरगी त्याच्यावर भाळणार, हात पसरणार, आणि मग त्या म्हणणार, नाही. लग्न ठरल्या दिवसापासून हे 'नाही' त्यांनी खडीसाखरेसारखं जिभेखाली जपून ठेवलं होतं.

"कापा," त्या म्हणाल्या.

चिरंजीव तोंडदेखलं म्हणाले, अगं आई, राहू दे. आणि मोबाईलमध्ये बघायला लागले.

सराफाने छोटं दातेरी चाक काढलं. बोट आणि अंगठी यांच्यामध्ये पत्र्याची पातळ पट्टी सरकवली आणि चाक फिरवायला लागला. कर्र कर्र आवाज दुकानभर. सासूबाईंनी बोटाकडे बघितलंच नाही, त्या पोरीकडे बघत होत्या. आणि सांगत होत्या, हा हिरा म्हणे एका राणीच्या मुकुटातून निखळला होता, राणी तीन दिवस जेवली नव्हती. मागच्या वेळी सांगताना तो एका व्यापाऱ्याचा होता आणि उपाशी कुणीच राहिलं नव्हतं.

कडी तुटली. खाली बोट कमरेसारखं आवळलेलं, पांढरंफटक. म्हातारीच्या हाताला कुणी तान्ह्या बाळाचं बोट चिकटवावं तसं.

सराफाने हिरा घासून धुतला, दोन्ही राखाडी कापडावर ठेवले. नव्याचे पैलू यंत्राने मोजून पाडलेले, केसभर इकडेतिकडे नाहीत. दुकानाच्या दिव्यांखाली तो नुसता ठिणग्या उडवत होता. जुन्याचे पैलू हाताने पाडलेले, जरा वाकडे, जाडे. तळाचं टोक कापलेलं, त्यामुळे वरून बघितलं की मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसे. नव्याच्या शेजारी तो झोपेतून उठवून आणल्यासारखा वाटत होता.

पोरीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

"घाई नको," सासूबाई म्हणाल्या. "दिवे घालवा."

सराफाला कळलं. हा हिरा घडवणाऱ्याने वीज पाहिली नव्हती, त्याने तो ज्योतीसाठीच घडवला होता. पडदा ओढला, दिवे मालवले, मेणबत्ती लावली. नव्यात बारीक बारीक चांदण्या तेवढ्या उरल्या. जुना पेटला. तांबडे, हिरवे, निळे जाळाचे रुंद पट्टे त्यातून उठले आणि सराफाच्या चष्म्यावर नाचायला लागले. चिरंजीवांनीसुद्धा मोबाईल खाली ठेवला, आता बोला.

पोरगी खाली वाकली. तिच्या श्वासाने ज्योत हलली, तसा हिऱ्यातला जाळ हलला. बराच वेळ ती उठलीच नाही. सासूबाईंनी जिभेखालचं 'नाही' दातांपाशी आणून ठेवलं.

मग ती सरळ झाली. सासूबाईंकडे बघून गोड हसली.

"नवाच," ती म्हणाली. "हा आईंनाच राहू दे. त्यांच्या वयाला शोभतो."

सराफाने दिवे लावले. जुनी अंगठी जोडून देतो म्हणाला, पण बोट जाडावलंय, कडी वाढवावी लागेल. सासूबाई अंगठ्याने तो पांढरा खळगा चोळत होत्या. डबीत घाला, एवढंच म्हणाल्या.

नवी अंगठी पोरीच्या बोटात सहज गेली, सहज निघाली. माप अगदी बरोबर आहे, सराफ म्हणाला.

"एक नंबर कमी करा," सासूबाई म्हणाल्या.

"अहो वहिनी, पुढे बोटं भरतात. मग निघायची नाही."

"म्हणून तर." त्यांनी पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि तिच्याइतक्याच गोड हसल्या. "माझ्या सासूबाईंची मी काढली तेव्हा पटकन निघाली. बोट गार पडलं होतं ना. हिची मात्र हिच्या सुनेने कापून काढायला हवी. हिच्या डोळ्यांदेखत."

पोरीने हात मागे घेतला नाही.

"दोन कमी करा," ती म्हणाली.

सराफाने दातेरी चाकाला लागलेला सोन्याचा कीस पुसला, त्यावर तेलाचा एक थेंब सोडला आणि ते जपून खणात ठेवून दिलं.