रुमालाखाली

काष्टीच्या बालवाडीत निवेदिताबाईंना सकाळपासून संशय होता. आन्वी आणि श्लोक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबत होते, तोंडातून चकार शब्द काढत नव्हते. आन्वीचा धाकटा भाऊ ओम शेजारी बिस्कीट खात उभा. बाईंनी झडप घालून रुमाल उचलला. खाली ना चॉकलेट, ना खडू, नुसती बोटं.

शाळा सुटल्यावर आन्वीचे वडील आले. बैलबाजारात कापडाखाली बोटं दाबून, भाव ठरवून सौदे जुळवणारा माणूस.

“ओम कुठंय गं?”

“श्लोकला इकला.”

श्लोक ओमला दप्तराच्या पट्ट्याला धरून फाटकाकडं निघाला होता. बाईंनी धावत जाऊन फाटक लावलं.

“येडे, इचारून तरी इकायचा,” वडील म्हणाले.

मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला आणि शांतपणे श्लोकपुढं उकिडवे बसले.